नऊ प्रश्न आणि कोकराची तंगडी

आधीच सांगून ठेवते, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय नाही. हे वाक्य मी क्लबात म्हटलं की चारजणांना एकदम खोकला येतो आणि क्लिफ ऑगडनच्या नाकातून बिअर येते. येऊ दे. मी माझी बाजू लिहायला बसले आहे, कारण या प्रकरणाच्या गावात तेरा आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या एकीत मी तुरुंगात आहे.

लिहिणं हे काही माझं काम नव्हे. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी सूतगिरणीत लागले. तिथे यंत्रांच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागे, ती सवय गिरणी बंद पडली तरी गेली नाही. तेव्हा हेही ओरडून वाचलं तरी चालेल.

प्रकरण आमच्या फ्रेयाचं. फ्रेया म्हणजे माझ्या मुलाची, डंकनची थोरली. मानसशास्त्राची पदवी झाली आणि तिला सरकारी दवाखान्यात उमेदवारीची जागा मिळाली. म्हणजे असं, की चार दिवस दवाखान्यात मनाची दुखणी घेऊन आलेल्यांना बघायचं, एक दिवस विद्यापीठात जाऊन शिकायचं, आणि दीड वर्षाने परीक्षा. पास झाली की पुढची पदवीही हातात आणि नोकरीही पक्की. एका जागेला दोनशे जणांनी अर्ज केले होते, निवडली आमची. दवाखाना माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर, म्हणून ती माझ्याकडे मागच्या खोलीत राहायला आली.

मी त्याच दुपारी सगळ्या गल्लीला सांगितलं, "आमची फ्रेया डॉक्टर होणार."

शेजारची ग्लेनिस शटलवर्थ कुंपणावर कोपर टेकून उभी होती. पन्नास वर्षं त्या कुंपणावर तिचंच कोपर आहे. म्हणाली, "डॉक्टर? मग उमेदवारी कसली गं? उमेदवारी तर आमची कायली पण करतेय, सलूनमध्ये."

"ते वेगळं, हे वेगळं."

"वेगळं काय त्यात? आमची डोक्याच्या बाहेरून शिकते, तुमची आतून."

तीन दिवस मी ग्लेनिसशी बोलले नाही. चौथ्या दिवशी पाववाल्याच्या सुनेची एक बातमी कळली आणि ती सांगायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून उदार मनाने तिला माफ केलं.

बरं, घरी येऊन फ्रेयाला सांगावं तर तीही उलटली. "आजी, मी डॉक्टर होणार नाहीये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारी सहकारी होणार आहे."

"तेच ते."

"तेच ते नाही, आजी."

"लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना." मग म्हणाली, "मी डॉक्टर नाही म्हटल्यावर तुला कसं वाटलं?"

हे एक नवीनच खूळ तिने दवाखान्यातून आणलं होतं. काहीही झालं की 'कसं वाटलं?' ओव्हनमध्ये पोटॅटो पाय, म्हणजे आमचा बटाट्याचा भाजलेला पदार्थ, करपला, 'आजी, तुला कसं वाटलं?' करपल्यासारखं वाटलं! आमच्या वेळी कुणाला काही वाटायचं नाही. वाटलंच तर चहा ठेवायचा.

तर उमेदवारांना शेवटी एक काम करून दाखवावं लागतं. आपल्या दवाखान्यात कुठे अडतंय ते शोधायचं आणि सुधारून दाखवायचं. त्यावर अर्धी परीक्षा. फ्रेयाने विषय घेतला की एकरशॉतली, म्हणजे आमच्या गावातली, सत्तरीपुढची माणसं मनाच्या दवाखान्यात का येत नाहीत.

"कारण आम्हांला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

तिने ते वहीत लिहून घेतलं. मला ते आवडलं नाही. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघावं, वहीत काय?

तिला बारा माणसं हवी होती. बारा जणांनी एक कागद भरून, सोबत नाव-फोनची वेगळी चिठ्ठी ठेवून, पाकिटातून तिच्याकडे पाठवायचा, ज्यांची इच्छा असेल त्यांना ती भेटणार. कागदावर नऊ प्रश्न. झोप उडते का, थकवा येतो का, कशातच मन लागत नाही असं होतं का, असले. प्रत्येकापुढे चार चौकोन. अजिबात नाही म्हणजे शून्य, काही दिवस म्हणजे एक, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे दोन, जवळजवळ रोज म्हणजे तीन. शेवटचा प्रश्न जरा नाजूक होता. आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का, अशा अर्थाचा. त्यावर कुणी शून्याशिवाय काही खूण केली तर त्याला त्याच दिवशी फोन करायचा, असा दवाखान्याचा कडक नियम.

"तू फक्त पाकिटं दे, आजी," फ्रेया म्हणाली. "दे आणि निघून ये. लोकांना एकटं असताना भरू दे."

"बाराच? अगं, क्लबच्या बायकांच्या समितीची मी सव्वीस वर्षं अध्यक्ष आहे. चाळीस आणते."

"बारा, आजी. देऊन निघून यायचं."

मी दिली. निघून मात्र आले नाही. आता कुणाच्या दारात गेल्यावर चहा नको म्हणणं बरं दिसतं का? आणि चहा होईपर्यंत समोर कागद पडलेला. मग भरताना जरा मदत. एडिथ पॉमफ्रेटने थकव्याच्या प्रश्नावर दोन लिहिलं. मी म्हणाले, "एडिथ, तू थकतेस कारण तुझ्या घराला तीन जिने आहेत. हा मनाचा कागद आहे, जिन्याचा नव्हे. खोड ते." तिने खोडलं. वॉल्टर बिर्चने झोपेपुढे तीन लिहिलं. मी नुसतं बघितलं. वॉल्टर म्हणाला, "तसं बरंच आहे म्हणा. तक्रार करण्यासारखं काही नाही." आणि शून्य केलं. मला गावाच्या अब्रूची काळजी होती. दवाखान्यात बाहेरगावचे लोक बसतात, ते काय म्हणतील?

बारा कागद. बारा शून्यं. म्हणजे नऊ बारे एकशे आठ शून्यं.

फ्रेयाने ती टेबलावर मांडून ठेवली आणि एकेक उलटून बघितली. "आजी, या गल्लीत एकाही माणसाची एका रात्रीचीसुद्धा झोप कधी उडालेली नाही?"

"ठणठणीत माणसं आहेत."

"तू समोर बसली होतीस का?"

"समोर नाही. शेजारी."

तिने डोकं हातात धरलं. मुलीला असं बघितल्यावर कुठली आजी गप्प बसेल? कुठलीतरी बसत असेल. मी नाही बसले.

ती विद्यापीठात गेल्यावर मी उरलेला एक कोरा कागद घेऊन वाचनालयात गेले आणि तिथल्या यंत्रावर चाळीस प्रती काढल्या. ते यंत्र पहिल्या सहा प्रती तिरक्या काढतं, पण तक्रार कोण करणार, तिथली मुलगी कानात बोळे घालून बसते. शुक्रवारी संध्याकाळी मी तो गठ्ठा पिशवीत घालून क्लबात गेले.

आमच्या क्लबात शुक्रवारी बिंगो असतो, तो पुकारलेल्या आकड्यांवर ठप्पे मारायचा खेळ, आणि बिंगोनंतर मटणाची सोडत. खाटकाकडून एक चांगला तुकडा आणायचा, तिकिटं विकायची, ज्याचा नंबर निघेल तो घरी घेऊन जातो. त्या शुक्रवारी कोकराची अख्खी तंगडी होती. काय तंगडी होती! स्टेजवर ताटात ठेवली होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. असल्या तंगडीसमोर भाषण करणं सोपं नाही.

तरी मी माईक हातात घेतला. म्हणाले, "मंडळी, सोडतीच्या आधी सगळ्यांनी हा एक कागद भरायचाय. नाव, फोन नंबर घाला आणि तिकिटांच्या डब्यात टाका."

नाव आणि फोन कागदावरच घालायला मी का सांगितलं, ते विचारू नका. कागदावर नाव नसलं की मला तो कागद वाटतच नाही.

मागून क्लिफ ऑगडन ओरडला, "नॉर्मा, सगळ्यात जास्त आकडा आला तर तंगडी का?"

इथे मी "नाही" म्हणायला हवं होतं. दोन अक्षरांचा शब्द. पण माणसं कागदाकडे बघेनात, तंगडीकडेच बघत होती, आणि त्या पोरीचं डोकं हातात धरलेलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी म्हणाले, "आधी भरा तर खरं, मग बघू."

'मग बघू' हे दोन शब्द माझ्या थडग्यावर कोरले तरी माझी हरकत नाही.

पेनं कुणाकडे नव्हती. पण बिंगोचे शाईचे ठप्पे सगळ्यांकडे होते, ते बाटलीसारखे, टोकाला स्पंज असलेले. धपाधप, धपाधप. हिरवे, जांभळे, गुलाबी गोळे. पाच मिनिटांत अडतीस कागद डब्यात. फ्रेडा लॉमॅक्सने नऊ ठप्पे मारून 'हाऊस!' म्हणून आरोळी ठोकली. मी डोळे भरून बघत होते. म्हटलं, बघा, यांना नीट सांगणारं कुणी हवं होतं, एवढंच.

सोडतीत तंगडी निघाली स्टॅनला, म्हणजे क्लबाच्या सेक्रेटरीला, ज्याने स्वतःच डबा हलवला होता. त्यावरून जी बाचाबाची झाली ती वेगळी. लोक म्हणाले, कागदाच्या आकड्यावर ठरलं होतं. स्टॅनने तंगडी तळघरातल्या बिअरच्या फ्रिजमध्ये कुलपात ठेवली आणि समिती बसेपर्यंत निकाल राखून ठेवला.

मी ते अडतीस कागद घालून पाकीट चिकटवलं आणि सोमवारी सकाळी फ्रेयाच्या पिशवीत घातलं. "काय आहे हे?" "तुझं काम झालंय. दवाखान्यात जाऊन उघड." तिला बस गाठायची होती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सगळ्यांनी तिलाच विचारलं की तू न बघता कसं आणलंस. आजीवर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक.

दवाखान्यात पाकीट उघडलं. अडतीस कागद, सगळे सत्तावीसपैकी सत्तावीस. शेवटच्या नाजूक प्रश्नासकट. आख्खं एकरशॉ खचून गेलेलं.

नियम म्हणजे नियम. सगळी कामं बाजूला ठेवून दवाखान्यातली सात माणसं फोनला बसली. क्लिफला फोन गेला तेव्हा तो आंघोळीच्या टबात होता. तिकडून कुणी हळुवार आवाजात विचारलं, "मिस्टर ऑगडन, तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का?" क्लिफ म्हणाला, "साबण सापडत नाहीये, बाकी ठीक. तंगडी मला लागली का?" एडिथला विचारलं, आज तुमच्या सोबत कुणी आहे का? एडिथ म्हणाली, "तुम्ही तंगडीबद्दल बोलताय ना? सोबत कशाला? मी एकटी उचलीन." अडतिसांपैकी सदतीस जणांनी तंगडीचं विचारलं. अकरा वाजेपर्यंत दवाखान्यात अशी शंका घेतली गेली की गावाच्या पाण्यात काहीतरी आहे. अडतिसावी ग्लेनिस. तिने म्हणे "मी बरी आहे" म्हणून लगेच फोन ठेवला. शिष्ट आहेच ती.

फ्रेया त्या दिवशी घरी आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसली. मी चहा ठेवला. प्यायली नाही.

"पुढच्या महिन्यात चौकशी आहे," ती म्हणाली. "बक्षिसाचं आमिष दाखवून रुग्णांचे कागद भरून घेतले, नावं फोडली, म्हणतात. कदाचित मला काढतील."

"पण तू कुठे घेतलेस? मी घेतले!"

"कागद माझे होते, आजी."

"मी सांगते त्यांना जाऊन."

"नको!" हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मला गिरणी आठवली. मग हळू म्हणाली, "प्लीज. तू काही करू नकोस. एवढंच कर."

मी अर्थातच दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. चर्चला घालते ती टोपी घातली, कारण कबुली द्यायला जाताना माणूस नेटका दिसावा. खिडकीतल्या मुलीला म्हणाले, "इथल्या मुख्य डॉक्टरांना भेटायचंय."

"तुमची वेळ ठरलेली आहे का?"

"माझं वय चौऱ्याहत्तर आहे. माझी वेळ कधीही ठरेल."

ती हसली नाही. तिने मला एक कागद दिला आणि बसून भरायला सांगितला. बघते तर तेच नऊ प्रश्न. या कागदाने माझा पिच्छाच पुरवला होता. मी तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

मुख्य डॉक्टर म्हणजे अडेयेमीबाई. उंच, सावळ्या, पायात चकचकीत पिवळे बूट. मला आत बसवलं, समोर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या बघतात. रागाने नाही, बरं का. वाट बघतात तसं. चौऱ्याहत्तर वर्षांत माझ्यासमोर असं कुणी बसलेलं नाही. सगळे मी थांबायची वाट बघतात, ही बाई मी सुरू व्हायची वाट बघत होती. मी चार सेकंद तग धरला. मग मी सगळं सांगितलं. वाचनालय, ठप्पे, तंगडी, 'मग बघू', आणि ओघात पाववाल्याची सूनसुद्धा.

"हॅलिवेलबाई," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्ही फ्रेयाला मदत का करत होता?"

"म्हणजे काय? माझी नात आहे."

त्या पुन्हा गप्प. पण या वेळी मी दात आवळून बसले. काही गोष्टी पिवळ्या बुटांना सांगायच्या नसतात.

त्यांनी चौकशीत माझं म्हणणं मांडलं. फ्रेयाला काढलं नाही, पण अटी घातल्या. एक, अडतीसही जणांकडे जाऊन त्यांचा कागद रद्द झाल्याचं सांगायचं आणि परत घेतल्याची सही आणायची. ज्याने वाटले त्यानेच जायचं, म्हणजे मी. दोन, फ्रेयाने महिनाभरात खरीखुरी बारा माणसं आणायची, स्वतःहून आलेली, आमिष न दाखवता. बारा झाली नाहीत तर काम नापास, आणि काम नापास तर उमेदवारी संपली.

"आणि आजी," फ्रेयाने मला बजावलं, "दारात फक्त एकच वाक्य बोलायचं. 'तुमचा कागद रद्द केलाय, सॉरी, इथे सही करा.' मग गप्प. सल्ला नाही. जिने नाहीत. 'तक्रार कशाला करता' वगैरे नाही. गप्प."

अडतीस दारं, आणि गप्प! मला बेड्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

पहिलं दार क्लिफचं. मी वाक्य म्हटलं. त्याने सही केली. मी गप्प. तो माझ्याकडे बघायला लागला. "तुला बरं नाहीये का, नॉर्मा?" मी मान हलवली. त्याला आणखीच भीती वाटली. मग तो दाराच्या चौकटीला टेकला आणि म्हणाला, "सगळे तीन तंगडीसाठी मारले, हे खरं. पण ते झोपेचं आहे ना, तिसरं. ते तंगडी नसती तरी तीनच होतं."

क्लिफ ऑगडन, जो लग्नात आणि मयतीत सारखेच विनोद करतो. माझ्या जिभेच्या टोकावर 'मग संध्याकाळचा चहा बंद कर' होतं. मी ते गिळलं. गिळताना दुखलं, खोटं नाही सांगत. तो आणखी दहा मिनिटं बोलला, आणि शेवटी विचारलं, "तुझ्या त्या पोरीच्या दवाखान्याचा नंबर काय आहे गं? कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्यात नाही, तिसऱ्यातल्या वॉल्टरने सही करून दार लावून घेतलं, आणि मग मी फाटकापर्यंत गेल्यावर उघडलं. एडिथ म्हणाली, "जिने नव्हते गं, नॉर्मा. जिने मी वीस वर्षं चढतेय." मला मान वर करता आली नाही. मी किती वर्षं या बाईच्या घरी चहा पीत होते? एकदा तिला बोलू दिलं असतं तर! पण मला वाटायचं, गप्पा म्हणजे मी बोलते ते.

तीन आठवड्यांत सदतीस सह्या झाल्या. त्यांपैकी अकराजणांनी आपणहून दवाखान्याला फोन केला. अकरा. बारावा कुणी मिळेना. मुदतीला पाच दिवस उरले. फ्रेया जेवताना पोटॅटो पाय नुसता इकडून तिकडे सारत होती, आणि मी तिला काही म्हणत नव्हते, म्हणजे परिस्थिती किती बिकट होती ते बघा.

एक सही राहिली होती. ग्लेनिस. तिच्याकडे मी शेवटपर्यंत गेले नव्हते, कारण ती कोपर टेकून हसणार, हे मला दिसत होतं.

ती हसली नाही. आत घेतलं, चहा केला, बिस्किटं ठेवली. मी वाक्य म्हटलं. तिने सही केली. मी गप्प बसले. आता ही बोलणार.

ती बोलेना.

मीही बोलेना. सदतीस दारांचा सराव होता मला. पण ग्लेनिस म्हणजे ग्लेनिस, हरणार नाही. चहा निवाला. बिस्किट चहात पडून विरघळलं, तरी कुणी काढलं नाही. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "मला झोप लागत नाही, ग्लेनिस."

तिने चमचा खाली ठेवला.

"ती शिकून पुढे जाणार. जायलाच हवं. पण मग एक दिवस जेवताना माझ्याकडे बघेल, आणि मी काय बडबडतेय ते तिला... म्हणजे मी एक आजारी बाई आहे, असं बघेल. किंवा अडाणी. आत्ताच बघत असेल. म्हणून मी तिच्या कामात घुसले, की तिला वाटावं, आजीचा उपयोग होतो. झाला ना उपयोग! जवळजवळ घालवलीच तिची नोकरी."

"किती दिवस होतं असं?"

"जवळजवळ रोज."

"म्हणजे तीन," ग्लेनिस म्हणाली. मग तिने तिची बशी बाजूला सारली. "माझेही तीनच होते. शेवटचा सोडून. तो ठप्पा शेजारच्याच्या हाताचा धक्का लागून पडला. बाकीचे सगळे मी वाचून मारले."

"तंगडीसाठी?"

"मी मटण खाते का गं?" ती म्हणाली. "सहा वर्षं झाली, नॉर्मा. दातांना सोसत नाही. तुझ्याच घरी नाताळला मी नुसते बटाटे खाते."

ते मी कधी बघितलं नव्हतं. वाढलेल्या बटाट्यांचं कौतुक मात्र करून घेतलं होतं.

रॉनीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वृद्धाश्रमात ठेवल्यापासून ती रोज त्याला भेटून येते. तो तिला आपली बहीण समजतो. तिथून आली की कुंपणाशी उभी राहते, कारण घरात जाववत नाही. मी समजत होते, पन्नास वर्षांच्या सवयीने ती माझ्यावर पाळत ठेवायला उभी असते.

"मी फ्रेयाकडे जाईन," ग्लेनिस म्हणाली. "पण एकटी नाही जाणार. तूही तुझं नाव घालायचंस."

"मी? फ्रेया मला बघू शकत नाही. घरच्यांना बघायचं नाही, नियम आहे. माझं नाव मोजलंही जाणार नाही."

"मोजलं जाणार नाही ना? मग कुणासाठी जाशील तू?" आणि कपाटातून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "तू गेलीस तर मी जाते. नाहीतर अकरावरच राहू दे तुझ्या पोरीचं."

अशी बाई आहे ती. मी पर्समधून तो घडी घातलेला कागद काढला.

गुरुवारची वेळ मिळाली. ग्लेनिसला फ्रेयाकडे, मला ओवेन नावाच्या दुसऱ्या उमेदवाराकडे. आदल्या दिवशी फ्रेया माझ्यासमोर बसली. बारा झाले होते. तिचा चेहरा परत माणसासारखा झाला होता. म्हणाली, "आजी, एक सांगायचंय. दवाखान्यात ओळखीचं कुणी दिसलं, तर आम्ही आपणहून ओळख दाखवत नाही. कोण कशाला आलंय हे बाकीच्यांना कळायला नको म्हणून. त्यांनी आधी हाक मारली तरच बोलतो. म्हणजे उद्या मी तुझ्याजवळून तशीच जाईन. तू हाक मारायची की नाही, ते तुझ्यावर." आणि मग, "तुला कसं वाटेल?"

"तुझं काम तू कर," मी म्हणाले.

तिथल्या खुर्च्या निळ्या आहेत आणि बसायला वाईट. ग्लेनिस माझ्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी बाई, मांडीवर मोठी पर्स. दार उघडलं आणि फ्रेया आली. गळ्यात ओळखपत्र, केस मागे बांधलेले, हातात फाईल. घरी असते त्यापेक्षा उंच दिसली. "मिसेस शटलवर्थ?" तिने हाक मारली. ग्लेनिस उठली. फ्रेया माझ्यासमोरून गेली, अगदी हाताच्या अंतरावरून. माझ्याकडे बघितलं नाही. फक्त तिचे कान लाल झाले होते, लहानपणी शाळेच्या नाटकात व्हायचे तसे.

माझ्या तोंडात 'फ्रेया, कोट घेतलास का' तयार होतं. मी ओठ घट्ट मिटले.

दार बंद झालं. शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या मिस्टरांनाही तीच बघते. तोंड न उघडणारं माणूस तीन महिन्यांत बोलायला लागलं हो. काय गुणी पोर आहे. तुमच्या ओळखीची का?"

सव्वीस वर्षं मी क्लबात माईकवर बोलते आहे. असला प्रश्न मला कुणी विचारावा म्हणून मी दीड वर्ष गावभर फिरत होते.

"नाही बाई," मी म्हणाले. "पण चांगल्या घरची दिसते."